हेल्मेट घातलेला घोडा

दामिनी काटेखाये जिना चढून वर आली तेव्हा प्रफुल टेबलफॅनशी भांडत बसला होता. भिलाईतल्या कॅम्प-१ च्या बाजारातली ती खोली. खाली सायकलदुरुस्तीचं दुकान, वर मे महिन्यात तापणारे पत्रे. दारावर पाटी होती, 'सिंधुताई लांजेवार, खाजगी चौकशी'. पाटी प्रफुलनेच रंगवली होती आणि जागा न पुरल्यामुळे शेवटचं अक्षर जरा खाली उतरलं होतं.

सिंधुताईंनी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. माणूस काय बोलतो यापेक्षा तो कुठे अडखळतो, हे त्यांना आधी ऐकू येई. निवृत्त झाल्यावर त्यांनी लग्नाच्या स्थळांच्या चौकशा सुरू केल्या, त्यातून हरवलेली माणसं शोधणं आलं आणि त्यातून याहून वाईट प्रकरणं. प्रफुल त्यांचा भाचा. स्कूटर चालवणं हे त्याचं काम. डोकं चालवण्याची सक्ती त्याच्यावर कुणी केली नव्हती आणि त्यानेही कधी तसा हट्ट धरला नव्हता.

"ताई, उद्या माझ्या आईला अरेस्ट करनार आहेत," दामिनी उभ्याउभ्याच म्हणाली. "मोहरील साहेबांचा खून तिनं केला म्हणतात."

सिंधुताईंनी तिला बसवलं, माठातलं पाणी दिलं आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं.

तिची आई मैनाबाई रुआबांध्याला श्यामराव मोहरील यांच्याकडे स्वयंपाकाला होती. श्यामराव पोलादाच्या प्लांटमधले निवृत्त अधिकारी, विधुर, आणि जुन्या रेकॉर्डींचे वेडे. क्वार्टरच्या मागच्या खोलीत मैनाबाई आणि दामिनी राहायच्या. परवा दुपारी धुळीची आंधी आली, लाइट गेली. लाइट परत आल्यावर साहेबांची रेकॉर्ड पुन्हा वाजायला लागली, ती शेजारणीने ऐकली. त्यानंतर मैनाबाई चहा करायला आत गेली आणि साहेब जमिनीवर मरून पडलेले दिसले. डोक्याला मागून मार लागला होता, शर्टाचं बटन तुटून पडलं होतं.

"पोलीस म्हणतात, रेकॉर्ड लागली मतलब साहेब जिंदा होते. आणि नंतर आत फक्त आई गेली. बस, इतकंच चालू आहे. सुबह बुलाते हैं, शाम को छोड़ते हैं."

"आणि आईनं मारावं कावून?" सिंधुताईंनी विचारलं.

दामिनीने मान खाली घातली. "साहेबांचा मुलगा त्यांना पुण्याला नेनार होता. क्वार्टर सुटलं की आमची खोली गेली. आई त्यावरून साहेबांशी बोलली होती. थोडं जोरात बोलली. ते सगळ्यांनी ऐकलं."

प्रफुलला वाटलं, प्रकरण तर उघडच आहे. त्याचा चेहरा पाहून सिंधुताई म्हणाल्या, "तू स्कूटर काढ."

*

मैनाबाई ठाण्याच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. इतकी लहानखुरी बाई, की प्रफुलने मनातल्या मनात तिला श्यामरावांना ढकलायला लावलं आणि ते काही पडेनात.

"आत गेल्यावर आधी काय दिसलं, मैनाबाई?"

"दिसलं नाही जी, आइकू आलं. खटखट, खटखट. गाणं संपलं का ते यंतर तसंच करते. साहेब बंद कावून नाही करत म्हनून मी आत पाहिलं. तं ते खाली पडले होते."

"मग?"

"मंग मी भितीवरचा बटन बंद केला." ती रडायला लागली. "पोलीस तेच इचारते. म्हने, मानूस मरून पडला आन् तू आधी बटन बंद करते? म्हनून बटनावर माझ्या बोटाचा ठसा सापडला. मले ते खटखट सहन नाही झालं जी. दुसरं काही नाही."

"सुईची दांडी उचलली का तू?"

"नाही बाई. त्याले हात लावाची मले साहेबाची मनाई होती."

ठाणेदार भला माणूस होता, पण त्याला फाइल संपवायची घाई होती. दोन दिवसांत दुसरं कोणी सापडलं नाही तर त्याने तरी काय करावं, असं त्याने सिंधुताईंना चहा पाजत ऐकवलं. त्याच्या पहिल्या मुलीचं स्थळ सिंधुताईंनीच तपासलं होतं, म्हणून चहा तरी मिळाला.

*

रुआबांध्याच्या क्वार्टरांवर त्या दिवशी धुरकट आभाळ उतरलं होतं. कडुलिंबाची पानंसुद्धा प्लांटच्या धुळीने काळवंडलेली. श्यामरावांचा मुलगा अभिनव दारातच उभा होता. पुण्याहून आल्यापासून त्याने कपडे बदललेले दिसत नव्हते.

"मैनाबाईने केलं असं मानायला माझं मन होत नाही," तो म्हणाला, "पण मग दुसरं कोण?"

रेकॉर्डींची खोली आत होती. धूळ येऊ नये म्हणून खिडक्यांना काळा कागद चिकटवलेला, त्यामुळे भरदुपारीही दिवा लावावा लागला. तीन भिंतींना रेकॉर्डी उभ्या लावलेल्या. चौथ्या भिंतीवर नुसती कव्हरं टांगलेली. प्रफुल ती पाहतच राहिला. एकावर मोत्यांच्या माळा घातलेले कुणी महाराज मोटारबोट चालवत होते. दुसऱ्यावर एक बाई वांग्याकडे अशी रागाने बघत होती की वांग्याचीच कीव यावी. ती स्वयंपाक शिकवण्याची रेकॉर्ड होती. तिसऱ्यावर काळा चष्मा लावलेला टकला गायक, खांद्यावर पोपट, आणि पोपटालाही काळा चष्मा.

"बाबांना गाण्यातलं फारसं कळायचं नाही," अभिनव म्हणाला. "कव्हर बघून घ्यायचे. म्हणायचे, गाणं रेडिओवरही लागतं, असं ध्यान रेडिओवर दिसतं का?" त्याला हसू आलं आणि त्या हसण्याची लाजही वाटली.

कोपऱ्यात प्लेअर होता. त्याच्या शेजारी स्पीकरचा लोखंडी स्टँड, जाड अँगल जोडून बनवलेला. त्याचा एक कोपरा पोलिसांनी खडूने खुणावला होता. तबकडी प्लेअरवर अजून तशीच होती आणि सुईची दांडी शेवटच्या रेघेत टेकलेली.

"ही कोणती रेकॉर्ड?"

"आमच्या इथल्याच एका ऑर्केस्ट्राची. कॅम्पमधल्या कामगारांनी फार पूर्वी काढली होती, हौसेने. कलकत्त्याहून थोड्याच प्रती करून आणल्या, त्या कुठे कुठे गेल्या. बाबांना ही एक भंगारवाल्याकडे सापडली, पण बिनकव्हराची. आणि गंमत अशी, की हिचं कव्हर धनंजयकाकांना सापडलं, ते बिनतबकडीचं. धनंजय पांढरीपांडे, बाबांचे जुने मित्र. पावर हाउस भागात त्यांचं रेडिओ-टीव्हीचं दुकान आहे. तबकडी बाबा देईनात, कव्हर काका देईनात. कित्येक वर्षं दोघं याच्यावर हसायचे. आणि मनातून चिडायचे."

"मग ही तबकडी ठेवत कशात?"

"बाकीच्यांसारखीच." अभिनवने फळीवरची एक रेकॉर्ड ओढली. छापील कव्हराच्या आत आणखी एक पाकीट होतं, पांढऱ्या जाड पुठ्ठ्याचं, आतून मलमल लावलेलं. एक कोपरा तिरपा कापला होता. "हे बाबा स्वतः बनवायचे. इथल्या धुळीत तबकडी उघडी ठेवली की तिचा जीव गेला, म्हणायचे. प्रत्येक तबकडीचं वेगळं पाकीट आहे."

"मग या तबकडीचं दाखवा."

अभिनवने इकडेतिकडे पाहिलं. प्रफुलने फळीखाली वाकून पाहिलं आणि पोटभर धूळ खाल्ली. पलंग, कपाट, प्लेअरची मागची बाजू, सगळं पाहून झालं. पांढरं पाकीट कुठेच नव्हतं.

"पोलिसांनी नेलं असेल," प्रफुल म्हणाला.

"पोलिसांनी फक्त शर्टाचं तुटकं बटन नेलं," अभिनव म्हणाला.

सिंधुताईंनी विषय बदलला. "त्या दिवशी दुपारी तुमच्या बाबांकडे कोण होतं?"

"धनंजयकाका. कव्हर घेऊन आले होते. मी सगळ्या रेकॉर्डींसाठी मुंबईचं एक गिऱ्हाईक ठरवलंय. बाबा म्हणाले, मी पुण्याला यायच्या आधी एकदा तरी घोडा आणि गाणं एकत्र बसवू, आणि विकायचं ठरलंय तेही धनंजयला मीच सांगेन."

"घोडा?"

"कव्हरवर घोडा आहे. बघालच."

निघता निघता सिंधुताई म्हणाल्या, "लहानपणी तुमाले या रेकॉर्डींचा राग येत असन."

"यायचा ना." अभिनव दाराची कडी उगाच खालीवर करत होता. "माझा पाचवा वाढदिवस होता. केकवर मेणबत्त्या लावल्या आणि लाइट गेली. सगळे माझ्याभोवती आले. बाबा मात्र आधी प्लेअरकडे धावले, सुई उचलायला. म्हणे बंद तबकडीवर सुई राहिली आणि लाइट आली, तर रेघ खराब होते. फोटोत सगळे आहेत, बाबांची फक्त पाठ आहे."

त्याने कडी सोडली आणि तो आत निघून गेला.

*

शेजारच्या शैलावहिनी हटवार व्हरांड्यात आंब्याच्या फोडी वाळत घालत होत्या. त्यांना बोलतं करावं लागत नसे.

"आंधी आली तशी मी दारं लावून बसली. भाऊजींची रेकॉर्ड चालू होती. त्यायले कमी आइकू येत होतं ना, तं आवाज हा मोठा. मंग लाइट गेली तशी ती बी बंद पडली. बराच वेळ काही नाही. धनंजयभाऊ कधी गेले ते नाही पाहिलं मी, बाहेर धुळीचा लोट होता."

"आणि लाइट आल्यावर?"

"आल्या आल्या सुरू झाली. म्हनजे पंखा फिराले लागला आन् इकडून ते सुरू. आधी रेड्यावानी गुरगुरलं. मी तं घाबरूनच गेली. मंग हळूहळू सरळ झालं आन् गाणं लागलं. पेटीसारखं काहीतरी होतं, भात्याचं."

प्रफुलला रेड्याची उपमा फार आवडली. तो खळखळून हसला. हसताना त्याचं लक्ष मावशीकडे गेलं आणि त्याने तोंड मिटलं. सिंधुताई हातात कैरीची फोड धरून तशाच उभ्या होत्या.

"वहिनी, हे पोलिसांले सांगितलं?"

"लाइट आल्यावर लागलं, हे सांगितलं ना. रेड्याचं काय सांगाचं? ते हसले असते, हे जसे हसून राहिले."

*

धनंजय पांढरीपांडे यांचं दुकान पावर हाउसच्या एका गल्लीत होतं. आता रेडिओ कुणी दुरुस्तीला आणत नव्हतं, तरी ते रोज दुकान उघडत. देखणा म्हातारा, पांढरे केस मागे वळवलेले, बोटं लांब. मित्र गेल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर होतं, आणि ते खरं होतं. प्रफुलने पुढे बरेचदा हे आठवून पाहिलं. ते दुःख खोटं नव्हतंच.

एका जुन्या प्लेअरवर मंद आवाजात सनईची रेकॉर्ड चालू होती. खुंटीला भाता फाटलेला अकॉर्डियन लटकत होता. आणि समोरच्या भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये होता तो घोडा.

प्लांटच्या धूर सोडणाऱ्या चिमण्यांपुढे, सायकलवर बसलेला घोडा. डोक्यावर पिवळं हेल्मेट, गळ्यात अकॉर्डियन, चेहऱ्यावर ड्यूटी संपल्यासारखा भाव. कॅम्पमधल्या कुठल्याशा पेंटरने, जो एरवी ट्रकच्या मागे कमळं काढायचा, जीव ओतून काढला होता. प्रफुल अगदी काचेजवळ गेला.

"याचं पोट सुटलंय," तो म्हणाला.

खरंच, कव्हर मधोमध किंचित फुगलं होतं आणि फ्रेमची मागची पट्टी एका बाजूने उचललेली होती.

"दमट हवेने," धनंजय म्हणाले.

भिलाईच्या मे महिन्यात दमट हवा कुठून आली, हे प्रफुलच्या डोक्यात आलं नाही.

"श्यामरावांकडे तुम्ही दुपारी गेलात," सिंधुताई म्हणाल्या. "काय झालं ते सांगा."

"कव्हर घेऊन गेलो. बसलो, रेकॉर्ड लावली, ऐकली. रेकॉर्ड चालू असतानाच लाइट गेली. मग अंधारात गप्पा मारत बसलो. श्यामने सुरईतलं पाणी दिलं. उकडायला लागलं तसा मी निघालो, कव्हर घेऊन. तो दारापर्यंत आला. लाइट आली तेव्हा मी इथे, दुकानात होतो. गल्लीत कुणालाही विचारा."

"विकायचं सांगितलं त्यांनी?"

ते थोडं थांबले. "सांगितलं. वाईट वाटलं. पण त्याची वस्तू, त्याचा मुलगा. आपण काय बोल..."

एवढ्यात दुकानाची लाइट गेली. पंखा मंदावला, सनईचा सूर खाली घसरला. वाक्य अर्धंच ठेवून धनंजय वळले, अंधारातच हात पुढे केला आणि सुईची दांडी उचलून जागेवर ठेवली. प्लेअरकडे त्यांनी पाहिलंही नाही. "आपण काय बोलणार," त्यांनी वाक्य पुरं केलं.

"अकॉर्डियन कोण वाजवते?" सिंधुताईंनी विचारलं.

"आता कोणी नाही," ते म्हणाले.

परतताना प्रफुलने आपलं मत दिलं. धनंजय सुटले, कारण लाइट आली तेव्हा ते दुकानात होते. अभिनव पुण्यात होता. शैलावहिनींना आंब्यातून सवड नव्हती. तेव्हा राहता राहिली मैनाबाई, आणि त्याला फार वाईट वाटत होतं.

"प्रफुल," मागून सिंधुताई म्हणाल्या, "स्कूटर ठाण्याकडे घे. ठाणेदाराले सांगाचं आहे, का फ्रेम आणाची आहे. आणि उद्या सकाळी सगळ्यायले त्या खोलीत बोलवाचं."

*

सकाळी त्या काळ्या कागदाच्या खोलीत सगळे जमले. अभिनव, शैलावहिनी, धनंजय, दाराशी दामिनी आणि मैनाबाई. ठाणेदार एक चपटा गठ्ठा चादरीत गुंडाळून घेऊन आला आणि तो त्याने भिंतीला टेकवला. धनंजयांनी गठ्ठ्याकडे एकदा पाहिलं, मग पाहिलं नाही.

"मैनाबाईवर सगळं येते ते एका गोष्टीनं," सिंधुताईंनी सुरुवात केली. "लाइट आली आणि गाणं लागलं. गाणं लागलं म्हनजे कोणीतरी लावलं. घरात श्यामरावच होते, म्हनजे ते जिवंत होते. बरोबर?"

ठाणेदाराने मान डोलावली.

"प्रफुल, ती सुई उचल आणि बटन चालू कर. तबकडी फिरू दे, मग सुई ठेव."

प्रफुलने जन्मात पहिल्यांदा प्लेअरला हात लावला. घाम पुसून त्याने सुई टेकवली. खरखर झाली आणि गाणं स्वच्छ, सरळ सुरू झालं. अकॉर्डियन, मागे ढोलक.

"आता भितीवरचं बटन बंद कर. सुई राहू दे."

सूर खाली घसरत घसरत थांबला.

"आता चालू कर."

तबकडी हलली. स्पीकरमधून आधी जाड, खोल गुरगुर आली, ती वर चढत गेली आणि तिचं गाणं झालं.

"हेच," शैलावहिनी कुजबुजल्या. "हाच रेडा."

"मानसाच्या हातानं लागलेली रेकॉर्ड गुरगुरत नाही," सिंधुताई म्हणाल्या. "कारण मानूस आधी तबकडी फिरू देते, मग सुई ठेवते. गुरगुर तेव्हाच येते, जेव्हा सुई आधीपासून रेघेत असते आणि तबकडी थांबल्यावरून फिराले लागते. त्या दिवशी लाइट आल्यावर गाणं कोणीच लावलं नाही. लाइट जाताना सुई जिथं होती तिथंच राहिली, लाइट आली आणि यंत्र आपोआप सुरू झालं. तेव्हा श्यामराव कदाचित याच जमिनीवर पडलेले होते."

मैनाबाईने तोंडाला पदर लावला.

"विसरला असेल श्याम," धनंजय हळू म्हणाले. "गप्पांच्या नादात सुई उचलायची राहिली असेल."

"श्यामराव स्वतःच्या मुलाचा केक सोडून सुई उचलायले धावले होते. आणि तुम्ही?" सिंधुताईंच्या आवाजात राग नव्हता. "काल तुमच्या दुकानात लाइट गेली. तुम्ही बोलता बोलता, न पाहता हात पुढे केला. या खोलीत असे दोघं होते. तुम्ही म्हनता, अंधारात बसून गप्पा मारल्या, पाणी प्यालो. आणि तेवढा सगळा वेळ सुई रेघेत पडून होती, दोघांपैकी एकाचाही हात गेला नाही? असं तेव्हाच होते, जेव्हा एकाचा हात उचलत नाही आणि दुसऱ्याले कशाचंच भान नाही."

धनंजय आपली लांब बोटं चोळत राहिले.

"दुसरी गोष्ट, पाकीट. या तबकडीचं पांढरं पाकीट या घरात नाही. त्या दिवशी तुम्ही दोघांनी ते तुमच्या कव्हरात घातलं असन, हौसेनं, कसं बसते ते पाहाले. मग तुम्ही निघाले म्हनता आणि श्यामराव दारापर्यंत आले. तबकडी इथं उघडी ठेवून तिचं पाकीट त्यायनं तुमाले नेऊ दिलं? ज्या मानसानं धुळीसाठी खिडक्या बुजवल्या त्यानं?"

ठाणेदाराने चादर सोडली. फ्रेममधला घोडा सगळ्यांकडे पाहू लागला. मागची पट्टी उचकटून त्याने कव्हर बाहेर काढलं आणि आत बोटं घातली. पांढरं, जाड पुठ्ठ्याचं पाकीट निघालं. एक कोपरा तिरपा कापलेला होता.

"हे तुम्ही जाळून टाकलं असतं, तर माझ्याजवळ नुसता एक रेडा उरला असता," सिंधुताई म्हणाल्या. "पण रेकॉर्डीचं पाकीट फेकणं तुमच्या हातून होत नाही."

धनंजय खाली बसले. खुर्ची होती, पण ते जमिनीवरच बसले, खडूच्या खुणेच्या बाजूला.

"तो अकॉर्डियन माझा आहे," ते म्हणाले. "त्या रेकॉर्डवर. मी विशीत होतो. तेव्हाचा मी फक्त त्या तबकडीत आहे, दुसरीकडे कुठेच नाही. श्यामला ते माहीत होतं. मी कित्येकदा मागितली. तो हसायचा, म्हणायचा, आधी घोडा दे. मलाही वाटायचं, आहे तर इथेच, जाते कुठे. त्या दिवशी तो म्हणाला, मुंबईला चालली. अभिनवने शब्द दिलाय. मी म्हटलं, घोडा घे, ती मला दे. तो म्हणाला, आता माझ्या हातात नाही. मी प्लेअरकडे हात नेला, त्याने मला धरलं. मी झटकलं. तेवढ्यात लाइट गेली आणि अंधारात तो आवाज झाला." त्यांनी स्टँडकडे पाहिलं. "हाक मारली. तो बोलला नाही. मी कव्हर उचललं आणि निघालो. कव्हर का उचललं ते मलाही माहीत नाही."

"आणि संध्याकाळी तुमाले कळलं, का गाणं पुन्हा लागलं होतं," सिंधुताई म्हणाल्या.

"हो. मग मी स्वतःला सांगितलं, तो उठला असेल. उठून त्यानेच लावलं असेल आणि नंतर काहीतरी झालं असेल. मी तसंच धरून बसलो."

"तुमाले रेकॉर्डी कळतात, धनंजयभाऊ. शैलावहिनींनी रेड्याचं सांगितलं असतं, तर तुमाले आमच्या आधी कळलं असतं. तुम्ही विचारलंच नाही. आणि ही बाई रोज ठाण्यात बसून होती."

धनंजयांनी मैनाबाईकडे पाहायचा प्रयत्न केला. त्यांना ते जमलं नाही.

ठाणेदाराने घसा खाकरला. सांगावं की नाही, अशा आवाजात तो म्हणाला, "डॉक्टरांचं म्हणणं आहे, मार लागल्यावर जीव लगेच गेला नाही. बराच वेळ होता. कोणी दवाखान्यात हलवलं असतं तर..." त्याने वाक्य तिथेच सोडलं.

अभिनव भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचीही आता फक्त पाठ दिसत होती.

जाताना ठाणेदाराने तबकडी पांढऱ्या पाकिटात घातली, पाकीट घोड्याच्या कव्हरात सरकवलं आणि वर सुतळी बांधून लाख लावली. इतक्या वर्षांनी दोन्ही एकत्र आलं आणि पोलिसांच्या मालखान्यात गेलं.

*

संध्याकाळी सिंधुताई मागच्या खोलीत गेल्या. प्रफुल दाराशी उभा राहिला. दामिनी भांडी पोत्यात भरत होती. अभिनवने राहा म्हटलं होतं, पण क्वार्टर सुटणारच होतं. आज नाही तर पंधरवड्याने.

मैनाबाई साहेबांची चहाची कपबशी हातात घेऊन बसली होती. ती सुटली होती, पण तिच्या चेहऱ्यावर सुटकेचं काही नव्हतं.

"बाई," ती म्हणाली, "लाइट आली तवा साहेब जिते होते?"

सिंधुताईंनी आयुष्यभर दुसऱ्यांचे निरोप जसेच्या तसे जोडून दिले होते. "असतील," त्या म्हणाल्या.

"मंग ते गाणं त्यायनं आइकलं असन?"

"आइकलं असन. आवाज मोठा होता."

मैनाबाईने बराच वेळ कपबशीकडे पाहिलं. "आन् मी येऊन बटन बंद केला."

"तेव्हा गाणं संपल्तं, मैनाबाई. नुसती खटखट होती."

"तरी बी," मैनाबाई म्हणाली. तिने कपबशी पदराने पुसली, ती पोत्यात ठेवावी की इथेच, याचा थोडा विचार केला, आणि खिडकीत ठेवून दिली.